म्हशीनं टाकलेलं पाणी

पुंजारामच्या म्हशीनं हौदावर तोंड नेलं, नाकपुड्या फुगवल्या आणि मान बाजूला वळवली. रंगुबाईनं तिला दोन शिव्या हासडल्या. बहात्तरचं साल, आसपासच्या वस्त्यांवरच्या विहिरींचे तळ उघडे पडलेले, माणसं गावात टँकरची वाट बघत उन्हात बसलेली, आणि हिला समोर पाणी असून नखरे सुचत होते. रंगुबाईनं दावं ओढून तिचं तोंड पुन्हा हौदात घातलं. म्हशीनं फुर्रकन पाणी उडवलं आणि ती मागं सरकली. तेव्हा कुठं रंगुबाईनं ओंजळभर पाणी नाकाशी नेलं आणि तशीच ओंजळ उपडी केली.

"अवं," तिनं नवऱ्याला हाक मारली. "हिरीत रॉकेल सांडलंय कुनीतरी."

खडकमळा ही दोन भावांची वस्ती. भिंगार ओलांडून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की बऱ्याच अंतरावर डाव्या हाताला माळ लागतो, त्या माळाच्या पोटात ती बसलेली. थोरला पुंजाराम, धाकटा आसाराम. चुली वेगळ्या झाल्या, बांध पडले, पण विहीर एकच राहिली. ती त्यांच्या आईबापानं खणली होती, आणि विहीर काही भाकरीसारखी मोडून वाटता येत नाही. म्हणून पाळी ठरली होती. चार दिवस थोरल्याचे, चार दिवस धाकट्याचे.

पुंजाराम जन्मभर मोटेवर जगलेला माणूस. आसारामनं विहिरीच्या काठावर जुनं डिझेल इंजिन आणून बसवलं तेव्हापासून त्याच्या कपाळावर एक आठी कायमची पडली होती. इंजिन टकटक करायला लागलं की तो कानात बोळे घालून ओट्यावर बसायचा. यंदा बैल छावणीत गेले, मोट भिंतीला टांगली गेली, आणि इंजिनाचा राग दुप्पट झाला. तरी त्याच्याजवळ मिरवायला एक गोष्ट होती. पाऊस गेला आणि विहीर आटायला लागली, तेव्हा त्यानंच बोरवाले बोलावून विहिरीच्या मावळतीच्या अंगाला आडवं बोर मारून घेतलं होतं. बोरातून मनगटाएवढी धार सुटली तेव्हा त्यानं अख्ख्या गावात गूळखोबरं वाटलं होतं. त्या धारेवर दोन्ही घरं आजवर तगली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकून घ्यावं लागत होतं.

तर पाण्याला वास आला, आणि पुंजारामनं विहिरीत न डोकावता इंजिनाकडं बोट केलं.

"मी सांगत हुतो. तेलाचं भूत पान्याच्या तोंडावर बसवू नगं. आता पी म्हनावं."

"दादा, इंजन गळत न्हाई," आसाराम म्हणाला. "खाली हात फिरवून बघ."

"तुझ्या इंजनाखाली हात घालायचे दिस आले व्हय माझ्यावर?"

रंगुबाईचं म्हणणं आणखी निराळं होतं. विहिरीच्या कडेला साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड होते. धाकट्या जावेनं कधीतरी विटाळाची सावली पाडली असणार, आसरा कोपल्या असणार, असं ती टँकरच्या रांगेत बायांना सांगून आली. ते फिरून रतनबाईच्या कानावर आलं. रतनबाई आसारामची बायको. दिवसभर खडीच्या कामावर दगड फोडायची, संध्याकाळी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापायची, आणि अंधार पडायच्या आत बागेतल्या संत्र्यांना तांब्या-तांब्या पाणी घालायची. त्या बागेत तिचा जीव होता. झाडं पहिल्या बहाराला आली होती. आता वास मारणारं पाणी झाडाला घालायचं की नाही हेही कळेना. जावेचं बोलणं ऐकून ती रडली नाही, पण त्या दिवशी भाकरी करपल्या.

प्रकरण खंडोबाच्या देवळात गेलं. भावकीतली पाचपंचवीस माणसं पारावर टेकली. आमच्याकडं वादाचा निकाल असा लावतात. ज्याच्यावर आळ त्यानं देवापुढं बेलभंडार उचलायचा आणि मी केलं नाही म्हणायचं. उचलला की सुटला. खोटा उचलणाऱ्याचं वाटोळं होतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

पुंजारामनं पान आणि चिमूटभर हळद पुढं ठेवली. "म्हन, माझ्या इंजनाचं टिपूस या मातीत पडलं न्हाई म्हन."

आसाराम पुढं झाला. हात पानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मागल्या पोळ्याला तेलाचा डबा कलंडला होता. वाटीभर तेल मातीत जिरलं होतं. ते कुणी बघितलं नव्हतं, पण देवाला न बघितलेलंही दिसतं, अशी आसारामची समजूत. तो हात मागं घेऊन म्हणाला, "टिपूस पडलं न्हाई असं न्हाई म्हनता यायचं. वाटीभर पडलं हुतं. पर त्यानं हीर नासत न्हाई."

खरं बोलला आणि पायावर धोंडा पाडून घेतला. पारावर कुजबुज झाली. एवढं कबूल करतोय म्हणजे पिंपभर ओतलं असणार, असा सगळ्यांचा हिशेब. निकाल लागला. इंजिन आजपासून बंद. पाडव्यापर्यंत पाणी सुधारलं तर ठीक, नाहीतर आसारामनं विहिरीतला वाटा थोरल्याला सोडायचा आणि बदल्यात माळावरचा तुकडा घ्यायचा. त्या तुकड्यात कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. वाटा गेला की बाग गेली, आणि बाग गेली की रतनबाईनं आणि आसारामनं दुसऱ्याच्या बांधावर राबायचं, हे सगळ्यांना कळलं.

घरी येऊन आसाराम भिंतीला टेकून बसला. रतनबाईनं त्याच्यापुढं पाणी ठेवलं, टँकरचं.

"खोटं बोलला असता तर आज सुटला असता," ती म्हणाली.

"व्हय."

"बरं केलंत. पर आता त्या वाटीचं काय ते बघाया पायजे. वाटी निराळी अन् हीर निराळी."

दुसऱ्या दिवशी तिनं कामावर खाडा केला, विहिरीचं पाणी बाटलीत भरलं, बुचाला चिंधी गुंडाळली आणि एस.टी. धरून राहुरीला गेली. तिचं माहेर तिकडचं. चुलतभाऊ गोरक्ष ढोकणे माती तपासायच्या कामावर होता. गावोगाव हिंडायचा, शेतकऱ्यांच्या रानातली माती पिशव्यांत भरून आणायचा. बाटली उघडून त्यानं वास घेतला आणि चेहरा गंभीर केला.

"तेल आहे यात काहीतरी."

"ते म्हशीलाबी कळलं, दादा. कुठनं आलं ते सांग."

गोरक्ष हसला. "बाटलीवरून ते सांगता येत नाही, रतन. पाणी कुठून येतं आणि माती कुठवर बिघडलीय, दोन्ही बघावं लागेल. रविवारी येतो. तोवर विहिरीत बिडीची थोटकं टाकू नका."

रविवारी गोरक्ष सायकलला लांब लोखंडी गिरमिट बांधून हजर झाला. जमिनीत फिरवत न्यायचं आणि खालची माती वर ओढून काढायची, असलं ते हत्यार. पिशवीत रुंद तोंडाच्या बाटल्या होत्या. म्हणाला, आधी विहीर उपसू. तळ उघडा पडला की कुठल्या झऱ्याचं पाणी कसं आहे ते वेगळं वेगळं बघता येईल.

"इंजन लावू का?" आसारामनं विचारलं.

"लावायचं न्हाई," रतनबाई म्हणाली. "उद्या काय निघालं तर म्हनतील, आत्ता लावलं तवाच सांडलं. हातानं उपसू."

हातानं विहीर उपसणं म्हणजे काय ते उपसणाऱ्यालाच ठाऊक. आसाराम आणि गोरक्ष रहाटावर, रतनबाई खाली बादल्या भरायला. पाणी कंबरेइतकं होतं. दोर हाताला कापत होता. दुपारपर्यंत आसारामच्या तळव्यांचे फोड फुटले आणि त्यानं टॉवेल फाडून हाताला गुंडाळला. पाणी बांधाच्या पल्याड ओतत होते, वासानं डोकं उठलं होतं. पुंजाराम ओट्यावर बसून बघत होता. त्यानं कानात बोळे घातले नव्हते, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतं.

ऊन कलायच्या सुमाराला रंगुबाई आली. तिनं पदर खोचला आणि रहाटाला हात घातला. नवऱ्यानं ओट्यावरून खाकरून दाखवलं, तेव्हा म्हणाली, "टँकरला जाऊन जाऊन माजं डोकं घागरीच्या आकाराचं झालंय. आसरा का इंजन ते एकदा कळू द्या."

तळ दिसला. रतनबाई खाली गाळात उभी होती, लुगडं गुडघ्यावर, अंगाला चिखल. विहिरीला तीन तोंडं होती. उगवतीचा झरा तो बनुबाईचा, म्हणजे सासूचा. खणताना तिच्या कुदळीला तो लागला होता म्हणून त्याला तिचं नाव. काठावरच्या जांभळाखालचा एक बारीक पाझर. आणि मावळतीला बोर. रतनबाईनं प्रत्येकाखाली धुतलेली बाटली धरली. सासूच्या झऱ्याचं पाणी ओठाला लावून बघितलं, गोड होतं. पाझराचंही तसंच. बोराखाली बाटली भरली आणि उन्हाच्या तिरपेत धरली. पाण्यावर तवंग होता, त्यात मोरपंखी रंग हलत होते.

तिनं मान वर केली. काठावर पुंजाराम येऊन उभा होता. दिराशी तोंड वर करून बोलायची रीत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. म्हणून ती नवऱ्याला म्हणाली, पण आवाज काठापर्यंत जाईल इतका केला.

"अवं, भाऊजीस्नी म्हनावं, तेल बोरातनं येतंय. बाकीचं पानी चांगलं हाय."

पुंजारामचा चेहरा लाल झाला. तोही हवेतच बोलला. "तिला म्हनावं, इंजनाचं तेल पान्यावर पसरलं अन् बोराच्या तोंडाला चिकटलं. माझ्या बोराला नाव ठिवायचं काम न्हाई."

खरं तर हे बोलणं अगदीच खुळं नव्हतं. गोरक्षनंही मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं. नुसत्या पाण्यावरून सांगता येणार नाही. आता माती बघू. इंजिनाखालची आणि बोराच्या पल्याडची."

"पयली इंजनाखालची," आसाराम म्हणाला. तो स्वतः पुढं झाला आणि पोळ्याला तेल सांडलेली जागा त्यानं पायानं दाखवली.

गिरमिट फिरायला लागलं. वरच्या थरात माती काळपट, तेलकट. पुंजाराम पुढं वाकला. "बघा." आसारामनं खाली मान घातली. रतनबाई विहिरीतून वर येऊन ओल्या अंगानं उभी होती. गोरक्षनं गिरमिट आणखी खाली घातलं. वीतभरावर माती नेहमीसारखी तांबूस झाली. आणखी खाली मुरूम लागला, कोरडा, वासाशिवाय. त्यानं प्रत्येक थराची माती बाटलीत घालून झाकण लावलं, उन्हात ठेवली, मग एकेक झाकण उघडून पुंजारामच्या नाकाशी धरली. वरच्या बाटलीत वास होता. खालच्यांत नव्हता.

"वाटीभर म्हनला हुता, वाटीभरच हाय," रंगुबाई म्हणाली. "धाकलं खोटं न्हाई बोललं."

आसारामनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान सरळ केली.

मग मावळतीच्या अंगाला निघाले. बोराच्या रोखानं सरळ गेलं की माळाच्या टोकाला जुना पेट्रोलपंप होता. होता म्हणजे, रस्ता जुन्या वळणानं जात होता तेव्हा. रस्ता सरळ झाला आणि पंपाला गिऱ्हाईक राहिलं नाही. मालक कारभारीशेठनं मशिनं, पत्रे, पाटी सगळं उचलून नेलं. जमिनीतली टाकी तेवढी राहिली. तिच्यावर आता शेरडं बसायची.

पहिला खड्डा, काही नाही. दुसरा खड्डा, काही नाही. गिरमिट मुरमाला अडायचं, मग पहार आणि कुदळ. आसारामच्या हातातली चिंधी लाल झाली होती. पुंजाराम मागं मागं येत होता आणि त्याची आठी हळूहळू सैल होत होती. "उकरा, उकरा," तो म्हणाला. "पावसाळ्यात तळी हुतील."

गोरक्ष खड्ड्याच्या काठावर बसला. "तेल वर राहत नाही. कठीण खडक लागेपर्यंत खाली उतरतं आणि मग खडकावरून उताराच्या बाजूला सरकतं. आपण खडकापर्यंत गेलोच नाही."

म्हणजे तिसरा खड्डा पुरुषभर खोल. सोमवारी गोरक्षनं रजा टाकली. आसाराम खाली उतरला. रतनबाई आणि रंगुबाई पाट्यांनी माती वर ओढत होत्या, दोघी जावा एका दोराला, वेगळ्या चुली झाल्यापासून पहिल्यांदा. ऊन मी म्हणत होतं. आसारामच्या पाठीवरचा घाम वाळून मिठाची रेघ उमटली होती. पहार ठण्णकन वाजली. खडक. त्याला लागून असलेल्या ढेकळावर कुदळ पडली आणि आतून राखाडी काळी माती निघाली. आसाराम ओणवाच थांबला.

"आक्का, ही पाटी वर घे."

रंगुबाईनं पाटी ओढली, ढेकूळ उचललं, वास घेतला आणि नवऱ्याकडं वळली. "हाच. आपल्या म्हशीनं सांगितला तो हाच."

गोरक्षनं ते ढेकूळ लांब नेऊन एका दगडावर ठेवलं, सगळ्यांना मागं सरायला सांगितलं आणि रंगुबाईकडून काडेपेटी मागून घेतली. त्यावर वाळल्या गवताची काडी पेटवून टाकली. क्षणभर काही झालं नाही. मग मातीला जाळ लागला. माती जळत होती. काळा धूर काढत, तडतडत, चांगली दिवटीसारखी जळत होती. पुढं त्यानं टाकीपर्यंत आणखी दोन खड्डे घेतले. टाकीच्या जवळ जावं तशी माती जास्त काळी, जास्त तेलकट. टाकीच्या वरच्या अंगाला, उताराच्या उलट बाजूला मात्र खडकापर्यंत माती स्वच्छ.

पुंजाराम त्या जळत्या ढेकळाकडं बघत उभा राहिला. विझलं तरी बघत होता. टाकी, खड्डे आणि विहीर एका रेघेत होती आणि त्या रेघेचं शेवटचं टोक त्यानं स्वतः पाडलेलं होतं. बोरवाला उगवतीकडं मारू म्हणत होता. यानंच हट्टानं मावळत धरली होती.

"म्हंजी मीच," तो म्हणाला. "मीच हिरीत तेल आनलं."

रतनबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि नवऱ्याकडं न बघता, वाऱ्याला न सांगता, सरळ दिराकडं बघून म्हणाली, "भाऊजी, तुमी पानी आनलं. तेल त्याच्या मागं लागून आलं. त्या पान्यावर आमीबी जगलो."

पुंजारामनं तिच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत तिचा आवाज आपल्यासाठी निघालेला त्यानं पहिल्यांदा ऐकला. त्यानं डोक्याचं पागोटं काढून तोंड पुसलं आणि पुन्हा बांधलं. "उद्या भिंगारला जायाचं," तो म्हणाला. "बोराच्या पान्याचा तांब्या भरून घे."

कारभारीशेठचं भिंगारच्या बाजारात टायरचं दुकान होतं. दुकानात गिऱ्हाइकं होती, फळीवर दोन ट्रकवाले चहा पीत बसले होते. शेठ तोंडभर हसला. "या या पुंजाराम. लई दिसांनी. बसा, पानी घ्या."

"पानी आमीच आनलंय," पुंजाराम म्हणाला. "आमच्या हिरीचं हाय. आदी तुमी घ्या."

रतनबाईनं तांब्यावरचं फडकं काढून तो शेठपुढं धरला. आलेल्याचं पाणी नाकारायचं नाही, ही रीत शेठलाही लागू होती. त्यानं तांब्या घेतला, तोंडाजवळ नेला आणि तिथंच त्याचं हसू थिजलं.

"प्या की," पुंजाराम म्हणाला. "आमी घरात हेच पीत हुतो."

"अवो, पन मी टाकी रिकामी करून गेल्तो."

"मग तुमाला भ्यायचं काय कारन?"

फळीवरच्या ट्रकवाल्यानं हात लांब करून तांब्या घेतला, हुंगला आणि गंभीरपणे म्हणाला, "शेठ, तुमाला नको असंल तर माझ्या ट्रकला द्या. पाथर्डीपत्तूर जाईल." दुकानभर हशा पिकला. शेठ हसला नाही. रतनबाईनं तांब्या परत घेतला आणि पुन्हा त्याच्यापुढं धरला. तिनं तो खाली ठेवलाच नाही. बाजारातली माणसं दाराशी जमायला लागली, तेव्हा शेठ उठला आणि म्हणाला, उद्या ट्रक आणि साखळदंड घेऊन येतो.

आला. नाक मुठीत धरून आला. टाकी निघायला दुपार झाली. ट्रक ओढत होता, आणि वस्तीवरची, गावातली, खडीच्या कामावरची माणसं बाजूनं पहारींचा रेटा देत होती. टाकी वर आली तेव्हा तिच्या बुडाची चाळण झालेली होती, आणि भोकांतून काळं तेल अजून ठिबकत होतं. त्यातली बरीच माणसं निकालाच्या दिवशी खंडोबाच्या पारावर बसलेली होती. आता कुणी आसारामकडं सरळ बघेना. एक म्हातारा तेवढा जवळ आला. म्हणाला, "बेलभंडार उचलला न्हाईस ते बरं केलंस रं. देवानं खरं काढलं." आसाराम म्हणाला, "देवानं न्हाई आबा, ह्या दोघींनी उकरून काढलं."

काळी माती शेठच्याच ट्रकनं उचलली. गोरक्षच्या सांगण्यावरून ती पाण्यापासून लांब, खाणीच्या कोरड्या खडकावर उन्हात पसरली. राहिलं बोर. ते कुणी बुजवायचं, हे पुंजारामनं कुणाला विचारू दिलं नाही. त्यानं बाभळीचा खुंटा कुऱ्हाडीनं तासला, काथ्या गुंडाळला आणि स्वतः विहिरीत उतरला. बोराच्या तोंडावर हात ठेवून तो क्षणभर उभा राहिला. मनगटाएवढी धार त्याच्या बोटांतून सांडत होती, दुष्काळाच्या सालात. मग त्यानं खुंटा लावला आणि घण घातला. खुंटा बसला, धार बारीक झाली, थांबली. वरून सिमेंट लिंपून तो वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. घामानं झाले म्हणाला. रंगुबाईनं ते मान्य केलं.

आता विहीर धुवायची होती. पुन्हा दोराला हात घालायला आसाराम वाकला, तर पुंजाराम म्हणाला, "दोर कशाला? इंजन लाव की."

आसारामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"लाव म्हनतो ना. का हातानं उपसून हात सडवतोस?"

इंजिन टकटक करायला लागलं. विहीर उपसली, दगड राखेनं घासले, गाळ काढला. बनुबाईच्या झऱ्यानं सावकाश पुन्हा पाणी धरलं. पहिल्या खेपेला रंगुबाईनं म्हैस आणली. म्हशीनं हुंगलं आणि मान वळवली. पुन्हा उपसली, पुन्हा घासली. म्हशीनं पुन्हा मान वळवली. पाडवा जवळ येत होता. भावकीतलं कुणी आता वाट्याचं नाव काढत नव्हतं, पण रतनबाईच्या जिवाला घोर होता. टाकी सापडली, आळ गेला, पण पाणीच नासकं राहिलं तर नुसता आळ धुऊन निघाल्यानं बाग जगणार नव्हती. गोरक्ष दर रविवारी येऊन पाणी बाटलीत धरायचा, उन्हात ठेवायचा, उघडायचा. तवंग पातळ होत गेला, मग दिसेनासा झाला. "माझ्या नाकाला काही येत नाही आता," तो म्हणाला. "तरी म्हशीला विचारा."

पाडव्याच्या सकाळी दोन्ही दारांत गुढ्या उभ्या राहिल्या. कडुनिंबाला पानं होती, साखरेच्या गाठी मात्र कुणाकडंच नव्हत्या. भावकी विहिरीवर जमली. पुंजारामनं हातात बेलाचं पान आणि हळद घेतली होती. सगळ्यांसमोर त्यानं ती उचलली.

"माझ्या भावाचा आळ खोटा हुता," तो म्हणाला. "अन् तो मी घातला हुता. हीर दोघांची हाय, दोघांचीच राहील. हे मी खंडोबाच्या नावानं म्हनतो." एवढं बोलून त्यानं हळद आसरांच्या दगडांना लावली.

रंगुबाई म्हैस घेऊन आली. हौद काठोकाठ भरला होता. म्हशीनं तोंड खाली नेलं. नाकपुड्या फुगल्या. रतनबाईनं जावेचा हात कधी धरला ते दोघींनाही कळलं नाही. म्हैस तशीच थांबली, कान हलवला, आणि मग तिनं तोंड पाण्यात बुडवलं आणि प्यायला लागली. गटागटा, डोळे मिटून, मान वर न करता पीत राहिली. हौदातलं पाणी बोटभर, मग वीतभर खाली गेलं.

"पुरं कर बाई," रंगुबाई म्हणाली. "झाडास्नीबी ठिव." आणि ती रडायला लागली. रतनबाईही रडली, आणि दोघी हसायलाही लागल्या.

रंगुबाईनं हौदातून तांब्या भरला, चार थेंब आसरांवर शिंपडले आणि उरलेला तांब्या रतनबाईच्या हातात दिला. "आदी तू पी. आसरा कोपल्या म्हनत हुते ना मी? त्या तुझ्यावर न्हाई कोपल्या."

रतनबाई तिथंच, सगळ्या भावकीसमोर, पाणी प्याली. पाणी गार होतं आणि कशाचाच वास येत नव्हता.

त्या दिवसापासून पाळी धाकट्याची होती. पाणी थोडं होतं, दर झाडाचं आळं ओलं होईल एवढंच. आसारामनं इंजिन चालू केलं आणि काठावरून बागेत बघितलं. पाटावर कुणीतरी आधीच उभं होतं. पुंजारामनं धोतर खोचलं होतं, हातात फावडं होतं. पाणी पहिल्या संत्र्यापाशी पोचताच त्यानं मातीचा बांध घातला आणि ते झाडाकडं वळवलं.

"रतन," त्यानं हाक मारली. "पानी आलंय. पुढलं दारं धर."

"धरते, भाऊजी," ती म्हणाली आणि फावडं घेऊन गेली.